काकांच्या लॅपटॉपवर लिनक्स
आज देवगडात काकांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते ह्या मशीनमध्ये नाही, पण म्हणून धडधाकट लॅपटॉप भंगारात का द्यायचा, काकांना आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, ईमेल आणि युट्यूब एवढंच तर लागतं, ते सगळं ह्यात आहे, लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं सॉफ्टवेअर) मराठी पण मस्त टाइप होतं. टॅलीवर काम करणाऱ्यांनी मात्र विंडोजच ठेवावं, उगाच हट्ट नको. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे मिंट पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता, वायफाय-प्रिंटर चालतायत का ते लगेच कळतं. आणि आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल नेम नाही, त्यामुळे अपडेट कधी करायचं ते आपल्या हातात असणं खरंच मोठी गोष्ट आहे.