रेडिएटर रिकामे करायला निघालो आणि वायसरने अडवलं

"पाइप लाव, नळ उघड, पाणी जाऊ दे." सेंट्रल हीटिंगचं, म्हणजे बॉयलरमध्ये तापून रेडिएटरांतून फिरत घर ऊबदार ठेवणारं पाणी कसं काढायचं हे ज्याला ज्याला विचारलं, त्याने एवढंच सांगितलं. त्यातल्या एकानेही तो नळ उघडलाच नाही तर काय करायचं, हे सांगितलं नाही. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

आमचं इंग्लंडमधल्या लीड्समधलं, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेलं जुनं टेरेस्ड घर. आठ रेडिएटर, स्वयंपाकघरात कॉम्बी बॉयलर (घराचं आणि नळाचं पाणी एकाच यंत्रात तापवणारा), त्यामुळे माळ्यावर टाकी नाही. ऑक्टोबरात हॉलमधला रेडिएटर वरून चटका देणारा आणि खालून थंडगार असा लागायला लागला. उलटं असतं, म्हणजे वर थंड आणि खाली गरम, तर आत हवा आहे असं समजायचं. ती चावीने दोन मिनिटांत सोडता येते. खाली थंड म्हणजे तळाशी गाळ. एका प्लंबरने यंत्र लावून सगळं धुवायचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी म्हटलं, पाणीच बदलायचंय ना, मी करतो.

शनिवारी सकाळी बॉयलर बंद केला, पाणी थंड होऊ दिलं, सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडले. सोफा ओढला. त्याच्यामागे, जमिनीलगत, पितळी ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायचा छोटा नळ. त्याच्या तोंडाला बागेचा पाइप क्लिपने आवळला आणि दुसरं टोक मागच्या अंगणातल्या गटारात सोडलं. मग वर जाऊन रेडिएटरचे हवेचे स्क्रू उघडले, कारण वरून हवा आत गेल्याशिवाय खालून पाणी सुटत नाही. खाली येऊन पान्याने कॉकचा चौकोनी दांडा अर्धा फेरा फिरवला.

काही नाही. एक फेरा. काही नाही. अंगणात जाऊन पाइपच्या तोंडाला कान लावला. शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या, त्यांना हात केला. परत आत येऊन आणखी दोन फेरे फिरवले. पाइप कोरडा.

दुपारपर्यंत काय चाललंय तेच कळेना. पाइप काढून तोंडात टॉर्च मारला, तार घातली, ती आत जाऊन कशाला तरी अडली. हळूहळू डोक्यात उजेड पडला. दांडा फिरवला की तो मागे सरकतो, पण त्याच्या टोकाचा रबरी वायसर वर्षानुवर्षं गरम पाण्यात भाजून पितळेला चिकटून बसलेला असतो. दांडा मागे आला, वायसर जागेवरच. आणि मी हुशारीने आधीच वरचे स्क्रू उघडून सगळा दाब घालवून टाकला होता. त्या वायसरला खालून ढकलायला काही उरलंच नव्हतं.

म्हणजे घर रिकामं करण्यासाठी आधी भरायचं! वर जाऊन सगळे स्क्रू बंद केले. बॉयलरखालच्या भरायच्या नळीने दाब 2 बारपर्यंत (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) नेला. त्यापुढे नको, 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर फेकतो. मग बायकोचा केसांचा ड्रायर आणून कॉक गरम करत बसलो. ती दारात उभी राहून म्हणाली, "त्याचे केस वाळले की सांग, मला बाहेर जायचंय." दहा मिनिटं गरम हवा, मध्येमध्ये पान्याच्या मुठीने हलके ठोके. जोरात ठोकायचं नाही, जुने सांधे निखळतात.

ठप्प असा आवाज झाला आणि पाइप साप हलावा तसा हलला. मी ओरडलोच. पण रागाच्या भरात दांडा मी फारच मागे घेऊन ठेवला होता, त्यामुळे पाइपातून जातंय तेवढ्यात दांड्याच्या आट्यांतूनही काळं पाणी कारपेटवर. दोन फेऱ्यांच्या वर कधीही फिरवू नका. आणि सुरुवातीला खाली जुने टॉवेल, उथळ ताट, जे असेल ते ठेवा. मला हे नंतर सुचलं.

पाणी कोळसा उगाळल्यासारखं. बादलीत थोडं घेऊन फ्रिजवरचं चुंबक बुडवलं तर त्याला काळी दाढी आली. रेडिएटरचं लोखंडच गंजून असं होतं. जोर ओसरल्यावर वरचे स्क्रू पुन्हा उघडले. भरून-रिकामं तीनदा केलं, तेव्हा नितळ आलं.

कॉकला नवा वायसर घातला. पाणी पूर्ण संपल्यावरच, हे सांगायला नको. गंजरोधक द्रव, एक लिटरची बाटली, वरच्या रेडिएटरची टोपी काढून नरसाळ्याने ओतला. हे भरण्याआधी करायचं. माझं विसरलं होतं, म्हणून तेवढ्यासाठी एक रेडिएटर पुन्हा रिकामा केला. भरताना सावकाश, खालच्या मजल्यापासून वर एकेक रेडिएटरची हवा काढत. दर वेळी दाब उतरतो, पुन्हा थोडं पाणी. थंड असताना 1 ते 1.5 बार ठीक.

मागच्या खोलीतला एक गरम होईना. आप्पांना सांगलीला फोन केला तेव्हा सहज बोललो. ते म्हणाले, "हवा धरली असंल. बाकीची तोंडं बंद कर, सगळा जोर तिकडंच जाऊ दे." ठिबकच्या पाइपांचा अनुभव! सातही रेडिएटर बंद केले, पंप चालू ठेवला. वीस मिनिटांत गडगडला आणि तापला.

बॉयलरचं झाकण मात्र मी उघडलं नाही. गॅसच्या कामाला इथे गॅस सेफमध्ये, म्हणजे गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत, नोंद असलेलाच माणूस लागतो, आणि ते बरोबरच आहे.

पहिले तीन दिवस दाबाचा काटा रोज थोडा उतरत होता, आतली उरलेली हवा निघत होती. आता 1.2 वर थांबलाय. सोफा पूर्वीपेक्षा वीतभर डावीकडे आहे.