पट्टा पडल्यानंतरची तारीख

आमच्या तालुका विधी सेवा समितीचा वार्षिक कृती आराखडा बरीच वर्षं एकाच पद्धतीने तयार व्हायचा. मागच्या वर्षीची फाईल काढायची, शिबिरांच्या तारखा बदलायच्या, गावांची नावं आलटूनपालटून टाकायची, सह्या घ्यायच्या आणि जिल्ह्याला पाठवून द्यायची. यात कुणी कामचुकार होतं असं मी म्हणणार नाही. कोर्टाचं रोजचं काम सांभाळून हे करावं लागतं. वरून येणारी दिनविशेषांची यादी एवढी लांब असते, की ती पार पाडता पाडताच वर्ष सरतं.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या या समितीच्या पॅनेलवर, म्हणजे वकिलांच्या यादीत, मी आहे. तालुका बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला. जमीन हलकी, मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला निघतात, वस्त्या आणि तांडे रिकामे होतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, काही टोळ्या थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. टोळी नेणारा मुकादम आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात. मराठवाड्यात हे कुणाला नव्याने सांगायला नको. पण हेच वास्तव आमच्या आराखड्यात एका ओळीनेही नव्हतं, आणि ते ज्या दिवशी सगळ्यांसमोर आलं त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे.

गुढीपाडवा होऊन गेला होता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिव मॅडम नवीन आल्या होत्या. त्यांनी बैठकीच्या आधीच निरोप धाडला, “आराखडा लिहून आणू नका. अर्जांचं रजिस्टर आणा. आणि प्रत्येक विधी स्वयंसेवकाने आपल्या भागातला एक माणूस सोबत आणा. त्याने अर्ज केलेला असावा, त्याला वकील मिळालेला असावा, आणि तरीही काम अर्धवट राहिलेलं असावं.”

लोकअदालतीच्या हॉलमध्ये टेबलं जोडली. तहसीलमधून तालुक्याचा नकाशा मागवून भिंतीवर लावला. रजिस्टरमध्ये अर्जदाराचं गाव, प्रकरणाचा प्रकार, नेमलेला वकील आणि शेवटी शेरा, असे रकाने असतात. लिपिक एकेक नाव वाचत गेले. आता नकाशावर खूण कशाने करायची? तांड्यावरच्या आमच्या स्वयंसेविकेने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एका गावावर एक टिकली चिकटवायला सुरुवात केली. तालुक्याचं ठिकाण आणि हमरस्त्यालगतची गावं बघता बघता लाल झाली. डोंगराकडचा पट्टा जवळजवळ कोराच राहिला. तिथल्या ज्या थोड्या टिकल्या होत्या, त्यांच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच मजकूर होता, ‘अर्जदार सतत गैरहजर, प्रकरण निकाली.’

मग मॅडमनी दोन तारखा शेजारी शेजारी लिहायला सांगितल्या, अर्ज आल्याची आणि प्रकरण काढून टाकल्याची. डोंगराकडचे अर्ज मे ते सप्टेंबरमधले होते. प्रकरणं निघाली होती डिसेंबर ते मार्चमध्ये. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. कोर्टात रोज उभं राहणाऱ्या आम्हा वकिलांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

त्यानंतर आणलेली माणसं बोलली. पहिली एक तिशीतली बाई, तांड्यावरच्या स्वयंसेविकेसोबत आलेली. नवऱ्याने टाकलेली, पदरी दोन मुली. स्वतःसाठी आणि मुलींसाठी पोटगीचा अर्ज केलेला. अंतरिम पोटगीवर निर्णय व्हायच्या आतच मूळ अर्ज गैरहजेरीत निघाला होता. तिचे पॅनेल वकीलही हॉलमध्ये होते. त्यांनी दोनदा मुदत मागून घेतली होती. तिसऱ्या वेळी तिची साक्षच हवी होती, तिथे त्यांचा इलाज चालला नाही.

“तुम्हाला तारीख कळली नव्हती का?” मी विचारलं.

“कळली व्हती की वकीलबाई. पोरीनं कॅलेंडरवर गोल केला व्हता. पर म्या भावासंग जोडीनं गेले व्हते. भावजय बाळंतपणाला माहेरी. एकटीला कोण उचल देतंय? मी निघाले तर भावाचा कोयता बी बसतो. जायला एक दिस, यायला एक दिस, एक दिस कोडतात. मुकादम म्हणला, खाडा पडंल, दोघांचाबी.”

तिने बोटांवर हिशोब करून दाखवला. दोघांची मजुरी बुडणार, वर खाड्याचा दंड, वर एसटीचं भाडं. एवढं सगळं सोसून गेली, आणि त्या दिवशी समोरच्या वकिलाने मुदत घेतली तर? “मंग पुन्ना तेच,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सगळा हिशोब तिने त्या शेतातच करून ठेवला होता, आणि तो बरोबर होता. फुकट वकील मिळूनही तिला न्याय परवडत नव्हता.

तिचे वकील म्हणाले, “मी फोन लावत होतो, लागत नव्हता.” फोन भावाचा होता, आणि कारखान्याकडे गेल्यावर त्याने सिमकार्ड बदललं होतं. आमच्या अर्जावर मोबाईल क्रमांकासाठी एकच रकाना असतो. गावात मागे राहिलेल्या माणसाचा, शेजाऱ्याचा, आशाताईंचा क्रमांक लिहायला जागाच नाही.

दुसरा एक तरुण होता. मागच्या हंगामाच्या शेवटी मुकादमाने हिशोब केला, उचल अंगावर निघाली आणि त्याने बैलजोडी ठेवून घेतली. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर याचा अंगठा. आमच्याकडून मुकादमाला नोटीस गेली होती. पण तिची पोच येईपर्यंत हा दुसऱ्या मुकादमाची उचल घेऊन टोळीत गेला होता. पहिल्याची फेडायला दुसऱ्याची घेतली, हे त्याने इतक्या सहज सांगितलं की माझाच जीव कासावीस झाला. फिटत नाही म्हणून माणसाला कामाला बांधून ठेवणारं कर्ज वेठबिगारीचं कर्ज ठरू शकतं, आणि 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी कर्जं रद्द केली आहेत, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आमची शिबिरं गावात होत होती, फक्त तो गावात नसताना.

तिसरे एक आजोबा, भाऊबंदकीचा वाद घेऊन आलेले. त्यांच्या पिशवीत निजामकाळातल्या नकला होत्या, उर्दूत. सातबाऱ्याच्या मागचं सगळं त्यात दडलेलं, आणि आमच्या पॅनेलवर उर्दू वाचणारं कुणी नाही. हैदराबाद संस्थानातून आलेल्या आपल्या भागात ही अडचण कोर्टात सारखी येते. तरी पॅनेल निवडताना तिचा विचार झाला नव्हता.

दुपारी चहा झाला आणि खरी बैठक सुरू झाली. मी फळ्यावर आमचे ठरलेले कार्यक्रम लिहिले. 9 नोव्हेंबर, विधी सेवा दिन, कारण 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 1995 साली याच दिवशी लागू झाला. 26 नोव्हेंबर, संविधान दिन. 10 डिसेंबर, मानवी हक्क दिन. 20 फेब्रुवारी, सामाजिक न्याय दिन. 8 मार्च, महिला दिन. लिहिता लिहिताच माझ्या लक्षात आलं, की आमची सगळी मोठी शिबिरं गाळप हंगामातच येतात. महिला दिनाला हॉल गच्च भरायचा, पण समोर असायच्या अंगणवाडीताई, बचतगटाच्या महिला, कॉलेजच्या मुली. त्यांनाही माहिती हवीच. पण ज्या बाईला तिची सर्वांत जास्त गरज, ती त्या दिवशी कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असायची.

समितीतले एक ज्येष्ठ वकील म्हणाले, “हे दिन टाळता येणार नाहीत. अहवाल मागतात.” त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यावर बराच वेळ गेला. शेवटी ठरलं, की दिन साजरे करायचे, पण तालुक्याच्या ठिकाणी, एकेकच कार्यक्रम. गावोगाव जाणारी गाडी आणि डिझेल वाचवायचं ते मे ते पोळ्यापर्यंतच्या काळासाठी. माणसं गावात असतात, आणि मुकादम उचल वाटत फिरत असतात, तेव्हा. वेळ संध्याकाळची, कारण दिवसा सगळे शेतात.

उत्पन्नाच्या दाखल्याचा विषय स्वयंसेविकेने काढला. “मॅडम, बायकांना दाखला आणायला सांगतात, त्या तहसीलला जातात अन् परत येतच नाहीत.” कायद्याचं कलम 12 स्पष्ट आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक अशा गटांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांसाठी आपल्या राज्यात मर्यादा तीन लाख रुपये वार्षिक आहे, आणि त्यासाठी अर्जदाराचं शपथपत्र पुरेसं धरता येतं. मॅडमनी तिथल्या तिथे लेखी सूचना काढली आणि मोठ्या अक्षरात छापून खिडकीबाहेर लावायला सांगितली. अख्ख्या दिवसात सगळ्यांत झटपट झालेलं काम हेच, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठंही.

अर्जाच्या नमुन्यात आम्ही तीन रकाने वाढवले. गावात राहणाऱ्या जवळच्या माणसाचा फोन, कोणत्या महिन्यांत बाहेर असता, आणि कोणत्या कारखान्याच्या भागात. हे तिन्ही भरले की वकील कोर्टात पहिल्याच तारखेला सांगू शकतो, की साक्षीसाठी उन्हाळ्यातली किंवा पावसाळ्यातली तारीख द्यावी. तारीख द्यायची की नाही हा अधिकार कोर्टाचा. पण कारण लेखी मांडलेलं असेल तर न्यायाधीशही विचार करतात, हा माझा अनुभव आहे. ‘अर्जदार गैरहजर’ आणि ‘अर्जदार ऊसतोडीसाठी अमुक जिल्ह्यात, एप्रिलमध्ये परत’ ही दोन वाक्यं कोर्टाच्या कानावर वेगवेगळी पडतात.

हंगामाच्या काळासाठी कारखान्यांच्या जिल्ह्यांतल्या प्राधिकरणांना पत्रं द्यायचं ठरलं. विधी सेवेची रचना प्रत्येक जिल्ह्यात आणि तालुक्यात आहे, मग आपला माणूस तिकडे गेला की त्याचा धागा का तुटावा? तिकडच्या स्वयंसेवकांनी कोप्यांवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांवर, फेरी मारावी, अर्ज असेल तर आमच्याकडे पाठवावा, आणि कोर्टाने परवानगी दिली तर जवळच्या कोर्टातून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजेरी घ्यावी, असं त्या पत्रात मांडलं. 15100 हा मोफत क्रमांक छापलेली छोटी कार्डं दसऱ्याआधी वाटायची, हे तरुण स्वयंसेवकांनी सुचवलं. पॅनेलच्या पुढच्या निवडीत उर्दू वाचणारे एक वकील घ्यावेत, अशी शिफारसही गेली.

माझा आग्रह आणखी एका गोष्टीसाठी होता, आणि त्यावर मी जरा जास्तच बोलले. आमच्या अहवालात शिबिरं किती आणि उपस्थिती किती, एवढंच असतं. मिळालेल्या वकिलासोबत किती जण शेवटपर्यंत पोचले, किती प्रकरणं गैरहजेरीत निघाली आणि कोणत्या महिन्यात, हे कुठेच येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 39-अ मध्ये आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कुणालाही न्यायाची संधी नाकारली जाऊ नये असं म्हटलं आहे. शिबिराला तीनशे माणसं आली, यावरून त्या संधीचं काय झालं हे कळत नाही. ज्येष्ठ वकील पुन्हा म्हणाले, “असे आकडे वर गेले तर आपलंच काम वाईट दिसेल.” मॅडम म्हणाल्या, “एक वर्ष दिसू द्या.” तो रकाना आराखड्यात गेला.

त्या बाईचा अर्ज पुन्हा बोर्डावर घेण्यासाठीची विनंती त्याच आठवड्यात दाखल झाली. उशिराचं कारण म्हणून मुकादमाच्या वहीतल्या हजेरीच्या पानाचा फोटो जोडला. तो तिच्या भावाने काढून ठेवला होता. कोर्टाने अर्ज पुन्हा बोर्डावर घेतला आणि साक्षीला मे महिन्यातली तारीख दिली. ती आली, साक्ष झाली, उलटतपासही त्याच दिवशी संपला. अंतरिम पोटगीचा आदेशही झाला. रक्कम मोठी नाही, आणि वसुलीसाठी पुढे वेगळा अर्ज करावा लागेल असं दिसतंय. तरुणाच्या बैलजोडीचं प्रकरण मात्र अडकलेलंच आहे. बैल तोवर विकले गेले होते.

कारखान्यांच्या जिल्ह्यांना पाठवलेल्या पत्रांपैकी काहींना उत्तरं आली आहेत, काहींचा पाठपुरावा चालू आहे. डोंगरपट्ट्यासाठी जादा स्वयंसेवक मागितले आहेत, त्यांची मंजुरी अजून यायची आहे. तोवर तांड्यावरची स्वयंसेविका आणि मी मिळून आषाढातल्या पहिल्या शिबिराची तयारी करतो आहोत. विषय एकच ठेवला आहे. उचल घेताना कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, आणि लिहिलेल्या कागदाची प्रत मागून घ्यायची.