पॅरिस ते मिलान : युरोपातील स्वस्त विमानांची सांगड कशी घालावी

युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी तीस-चाळीस युरोंची विमानाची तिकिटे पाहिली की कोणालाही हुरूप येतो आणि नकाशावर भराभर रेघा ओढल्या जातात. आमच्या पहिल्या कच्च्या आराखड्यात लिस्बनपासून अथेन्सपर्यंत सगळे होते. सासूबाईंचे वय सत्तरीपुढचे आणि दोन मुले शाळकरी, हे लक्षात घेऊन त्याला कात्री लावली आणि शेवटी पॅरिस, बार्सिलोना, रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस व मिलान एवढेच ठेवले. यात स्वस्त विमाने दोनच, पॅरिस ते बार्सिलोना आणि बार्सिलोना ते रोम. बाकीचा प्रवास रेल्वेने केला. आमच्यामागून जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या सांगडीमागचा हिशेब येथे तपशिलाने देत आहे.

सर्वांत आधी मुंबईहून जाण्या-येण्याचे लांब पल्ल्याचे तिकीट ठरवावे. ते पॅरिसला जाणारे आणि पॅरिसहूनच परतणारे घेण्याऐवजी एका शहरात उतरणारे आणि दुसऱ्या शहरातून निघणारे घ्यावे. विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी-सिटी’ या पर्यायाखाली असे तिकीट मिळते आणि भाडे बहुधा साध्या परतीच्या तिकिटाच्या जवळपास असते. आम्ही आखाती देशातून जाणारे मुंबई-पॅरिस आणि मिलान-मुंबई असे एकच तिकीट काढले. त्यामुळे शेवटी उलटे पॅरिसला येण्याचा खर्च आणि एक पूर्ण दिवस वाचला.

स्वस्त विमान लांब पल्ल्याच्या विमानाला थेट जोडू नये, हा या आखणीतला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. दोन वेगळी तिकिटे म्हणजे दोन वेगळे करार. पहिले विमान चार तास उशिरा आले आणि दुसरे सुटले, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही न आलेले प्रवासी असता. पाच माणसांची मुंबईची तिकिटे ऐनवेळी नव्याने काढावी लागली, तर सगळ्या सहलीतली बचत एका दुपारी धुऊन निघते. शिवाय सामान पुढे आपोआप जात नाही, ते पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करावे लागते. तिकिटे दाखवणारी काही संकेतस्थळे अशा तुटक तिकिटांची जोडी एकाच ओळीत, एकाच किमतीत दाखवतात, तेव्हा खालचा बारीक मजकूर वाचावा. आम्ही दोन्ही स्वस्त उड्डाणे सहलीच्या मधोमध ठेवली आणि प्रत्येक उड्डाणानंतर त्याच शहरात निदान दोन मुक्काम ठेवले.

पॅरिस ते बार्सिलोना थेट रेल्वेही आहे. ती साडेसहा ते सात तास घेते, उलट विमान हवेत पावणेदोन तासच असते. मात्र विमानतळावर दोन-अडीच तास आधी पोहोचणे आणि दोन्हीकडचा शहरापर्यंतचा प्रवास धरला, तर विमानालाही सहा तास लागतातच. आम्ही विमान निवडले ते केवळ त्या दिवशीचे रेल्वेचे भाडे पाच जणांना फार पडत होते म्हणून. तिकिटे दोन-तीन महिने आधी काढणार असाल, तर रेल्वेचा विचार आधी करावा. मुलांना खिडकी मिळते आणि सामान कोणी मोजत नाही.

पॅरिसहून उडताना विमानतळाचे नाव नीट पाहावे. ‘पॅरिस बोव्हे’ हा विमानतळ शहरापासून ऐंशी किलोमीटरहून दूर आहे आणि तिथे जायला बसने सुमारे सव्वा तास लागतो. पाच जणांचे बसभाडे मिळवल्यावर तिथले स्वस्त तिकीट पॅरिसच्याच ऑर्ली विमानतळाच्या तिकिटापेक्षा महाग पडत होते, म्हणून आम्ही ऑर्ली घेतला. तिथे जून 2024 पासून मेट्रोची 14 क्रमांकाची लाइन थेट जाते. ‘मिलान बेर्गामो’ हा विमानतळही असाच मिलानपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, ‘ब्रुसेल्स शार्लरुआ’ साधारण साठ, तर ‘फ्रँकफुर्ट हान’ फ्रँकफुर्टपासून सव्वाशेच्या घरात. एकट्या तरुणाला हे परवडते, आजीसह पाच जणांना परवडेलच असे नाही.

खरा पैसा सामानात जातो. स्वस्त तिकिटात फक्त आसनाखाली मावेल अशी एक पिशवी फुकट असते. रायनएअर आणि विझ एअर या स्वस्त विमान कंपन्यांचे माप 40 × 30 × 20 सेंटिमीटर, ईझीजेटचे 45 × 36 × 20 सेंटिमीटर. चाके आणि मूठही मापात धरतात. गेटवर लोखंडी चौकट ठेवलेली असते. आमच्या पुढच्या तरुणाची चाकांची बॅग आत गेली, पण चाके बोटभर वर राहिली. त्याने गुडघ्याने दाबून पाहिले, बाहेरच्या कप्प्यातले जॅकेट काढून अंगावर चढवले, तरी चाके काही आत जाईनात आणि शेवटी त्याने कार्ड पुढे केले. गेटवर हे शुल्क साठ-सत्तर युरोंपर्यंत जाते, म्हणजे काही वेळा तिकिटाच्या दुप्पट. त्यामुळे आम्ही मऊ कापडी सॅक घेतल्या आणि पाच जणांत वीस किलोच्या दोन मोठ्या बॅगा तिकीट काढतानाच विकत घेतल्या. नंतर घातलेली बॅग बहुधा महाग पडते. मुंबईच्या विमानात प्रत्येकी तेवीस-पंचवीस किलो चालतात म्हणून तेवढे भरून नेऊ नये, कारण मधल्या विमानाची मर्यादा हीच तुमची खरी मर्यादा. लोणचे आणि ओली चटणी सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थात मोडतात, तेव्हा ती मोठ्या बॅगेतच ठेवावीत. तूप, पेढे यांसारखे दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. खाकरे, मेतकूट आणि कोरड्या चटण्यांवर आमचे उत्तम भागले.

तिकिटावरचे नाव पासपोर्टबरहुकूम हवे. आपल्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, ते सगळे त्याच क्रमाने भरावे. नाव बदलण्याचे शुल्क अनेकदा नव्या तिकिटाएवढे असते. पैसे भरताना संकेतस्थळ रुपयांत रक्कम दाखवून ‘सोय’ करू पाहते, पण तो दर बँकेच्या दरापेक्षा बहुधा वाईट असतो, म्हणून युरोच निवडावा. ऑनलाइन चेक-इन स्वतः वेळेत करावे, कारण काही कंपन्या विमानतळावर त्याचे माणशी वेगळे पैसे घेतात. आणखी एक गोष्ट आपल्यासाठी खास आहे. रायनएअरसारख्या कंपन्या युरोपबाहेरच्या नागरिकांची कागदपत्रे शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांमधल्या उड्डाणालाही काउंटरवर तपासतात, मग चेक-इन झालेले असो वा नसो. ती रांग धरूनच घरून निघावे. बार्सिलोनाला तर टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत, त्यामुळे चुकीच्या टर्मिनलवर उतरल्यास फुकट बस असूनही अर्धा तास जातो.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर घेतली, हा निर्णय फार चांगला ठरला. युरोपीय संघाच्या 2006 च्या नियमानुसार ही मदत विनामूल्य असते, स्वस्त कंपन्यांनाही ती नाकारता येत नाही. फक्त उड्डाणाच्या 48 तास आधी कळवावे लागते. ‘मी काय आजारी आहे का?’ असे त्या पहिल्यांदा म्हणाल्या, पण ऑर्लीच्या लांबलचक वाटा पाहिल्यावर त्यांनीच दुसऱ्या उड्डाणाची आठवण केली.

बार्सिलोनाहून रोमला जाणारे आमचे विमान बरेच उशिरा सुटले. अशा वेळी प्रवाशाचे हक्क माहीत असावेत. पंधराशे किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते आणि कंपनीच्या कारणाने तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचल्यास माणशी 250 युरो भरपाई मागता येते. खाण्याची कुपने मात्र आपणहून मागावी लागतात, आम्हालाही मागितल्यावरच मिळाली. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप असल्यास भरपाई मिळत नाही, पण खाण्याची व गरज पडल्यास मुक्कामाची जबाबदारी कंपनीचीच राहते. इटलीत संप नेहमीचेच आहेत. तिथे संपाच्या दिवशीही सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांतली उड्डाणे संरक्षित असतात, त्यामुळे पर्याय असेल तर त्याच वेळेतले विमान घ्यावे.

व्हिसाच्या बाजूने आखणीत दोन गोष्टी येतात. ज्या देशात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणून आम्ही इटलीकडे केला. आणि स्वस्त तिकीट दिसले म्हणून मध्येच लंडन घालू नये, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा लागतोच, शिवाय शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत आत येता येत नाही. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, तरी पहिल्या प्रवेशाला जादा वेळ धरावा आणि उतरण्याच्या दिवशी पुढचे काहीही आरक्षित करू नये.

रोमला फ्युमिचिनो विमानतळावर उतरल्यास ‘लिओनार्दो एक्सप्रेस’ अर्ध्या तासात तेर्मिनी स्थानकात पोहोचवते. रोमचा दुसरा विमानतळ चाम्पिनो जवळ आहे, पण तिथे टर्मिनलपाशी रेल्वे नाही. रोमपासून पुढे विमानाचे नावही काढले नाही, कारण फ्लोरेन्स दीड तासावर आणि व्हेनिस चार तासांवर, तेही शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात. शेवटची रात्र मात्र मिलानमध्येच काढावी. माल्पेन्सा विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटरवर आहे, सेंट्रल आणि कादोर्ना या दोन्ही स्थानकांतून सुटणारी माल्पेन्सा एक्सप्रेस दोन्ही टर्मिनलांवर थांबते, आणि लांब पल्ल्याच्या विमानासाठी पहिल्या थांब्यावर, म्हणजे टर्मिनल 1 ला उतरायचे असते.