आमची वाटचाल : माझगावची एक छोटी लॅब

१९९४ साली माझगावात लॅब टाकली तेव्हा मुंबईत मलेरियाचा जोर होता. बांधकामांवर साचलेलं पाणी, गच्चीवरच्या उघड्या टाक्या, त्यात वाढणारे ॲनॉफेलिस स्टिफेन्सी, म्हणजे मलेरिया पसरवणारे डास. पावसाळ्यात मायक्रोस्कोपखाली बघायच्या रक्ताच्या स्लाइड्सचा ढीग पडायचा. मलेरियाच्या परजीवीच्या जाती त्याच त्या : व्हायव्हॅक्स, फाल्सिपॅरम, पुन्हा व्हायव्हॅक्स. डोळा तयार झाला तो तिथेच. पुढची बरीच वर्षं नीट गेली.

मग समोर एका मोठ्या साखळी लॅबचं कलेक्शन सेंटर उघडलं. एसी, सोफा, निम्मे दर, शिवाय पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना कट, म्हणजे कमिशन. आम्ही कट दिला नाही, आजही देत नाही. पेशंट इतके आटले की भाडं भरायला बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्यांचा माणूस दवाखान्यांतून सांगत फिरे, की यांची मायक्रोस्कोपची पद्धत जुनाट, आता रक्ताचा थेंब टाकला की मलेरिया कार्डावर वीस मिनिटांत कळतो. हे मी विसरलेलो नाही. कळतो, पण कुठला? आपल्याकडच्या नेहमीच्या कार्डावर एक रेघ फाल्सिपॅरमची, एक व्हायव्हॅक्सची. ओव्हेल किंवा मलेरिए या इतर जातींसाठी त्यावर रेघच नाही. आणि ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमधलं रक्त शहरभर फिरून तासंतासांनी स्लाइडवर आलं, की परजीवीचं रूप बिघडतं.

त्या काळात डॉकयार्ड रोडच्या एका डॉक्टरसाहेबांनी एकही पेशंट दुसरीकडे पाठवला नाही. त्यांच्याकडे खलाशी बरेच. एकदा त्यांची चिठ्ठी घेऊन एक तरुण आला. पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांवर राहिलेला, तिथे फाल्सिपॅरमची औषधं घेतलेली, काही महिन्यांनी इथे पुन्हा ताप. समोरच्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह. मी बोट टोचून तिथल्या तिथे थिक आणि थिन, म्हणजे रक्ताचा जाड थर आणि पातळ थर, असे दोन्ही स्मिअर केले. थिनमध्ये लाल पेशी थोड्या फुगलेल्या, काही लांबट, टोकाला झालरीसारख्या विस्कटलेल्या. शुफनरचे ठिपके, म्हणजे अशा लाल पेशीत उमटणारे बारीक ठिपके, ठळक. आतला परजीवी मात्र आटोपशीर, व्हायव्हॅक्ससारखा अस्ताव्यस्त पसरलेला नव्हता. बराच वेळ फिल्ड सरकवल्यावर पिकलेला शायझॉन्ट, म्हणजे विभागून तयार झालेला परजीवी, मिळाला, त्यात मेरोझॉइट (त्याची पिल्लं) आठच. व्हायव्हॅक्समध्ये ते बाराच्या पुढे असतात. रिपोर्टवर लिहिलं : प्लाझ्मोडियम ओव्हेल, पीसीआरने (परजीवीचा डीएनए ओळखणाऱ्या तपासणीने) खात्री करावी. पीसीआरमध्येही ओव्हेलच निघाला. जी-६-पीडी हे एन्झाइम तपासून (ते कमी असेल तर हे औषध लाल पेशी फोडतं) प्रायमाक्विन दिलं, म्हणजे यकृतात दडून बसलेल्यांचाही बंदोबस्त झाला. समोरच्यांनी ना रिपोर्ट दुरुस्त केला, ना साधा फोन केला. डॉक्टरसाहेबांनी मात्र ही गोष्ट त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगितली आणि आमच्याकडे पेशंट परत येऊ लागले. पाटल्याही सुटल्या.

ते शुफनरचे ठिपके दिसतात ते गीम्सा हा रंग आणि तो पातळ करायच्या ७.२ पीएचच्या बफर द्रावणामुळे. नळाच्या पाण्यावर भागवू नका. थिन स्मिअर पक्का करायच्या मिथेनॉलची बाटली पावसाळ्यात उघडी ठेवू नका. ते हवेतला ओलावा ओढतं, मग पेशींवर चकचकीत भोकं दिसतात आणि नवखा माणूस फसतो. थिक स्मिअर मिथेनॉलमध्ये बुडवू नका. हे सगळं आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) मुलाला मी पहिल्याच आठवड्यात सांगतो.

आणि लाल पेशीत परजीवीचा पट्टा दिसला की लगेच मलेरिए लिहून मोकळे होऊ नका. पेशी न फुगलेली, त्यात आडवा पट्टा, हे मलेरिएचं रूप खरंच. पण पेशंट मलेशियाहून आलेला असेल तर नोलेसी या माकडांकडून येणाऱ्या जातीचा पट्टाही हुबेहूब तसाच असतो. मलेशियातल्या सारावाकमध्ये मलेरिए म्हणून नोंदलेले कितीतरी पेशंट पीसीआरवर नोलेसीचे निघाले, हे २००४ साली प्रसिद्ध झालं. मलेरिएचं रक्तात वाढण्याचं चक्र ७२ तासांचं, नोलेसीचं २४ तासांचं. म्हणजे नोलेसीत रक्तातल्या परजीवींचा आकडा रोज चढतो आणि माणूस दगावू शकतो.

डॉक्टरांनाही विनंती आहे. फॉर्मवर नुसतं 'ताप' लिहू नका. पेशंट कुठून आला, कधी आला, कोणत्या गोळ्या घेऊन आला, तेही लिहा. डॉकयार्ड रोडचे डॉक्टरसाहेब अजूनही लिहितात, त्यामुळे स्लाइडवर तेल टाकण्याआधीच काय शोधायचं ते मला ठाऊक असतं.