तुम्ही विचारलंत म्हणून: प्रयोगशाळेतून दुकानाच्या फळीवर

‘विषय येतो, पण दर सांगताना जीभ अडखळते. हा आत्मविश्वास आणायचा कुठून?’ सांगली-मिरजेकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकून जैविक खतांच्या धंद्यात उतरू पाहणारे हे हमखास विचारतात.

भाषणकलेचे वर्ग लावू नका. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय अंगात मुरलेल्या माणसाची जीभ अडखळणारच. त्याला धीर पुराव्यानेच येतो. फक्त तो पुरावा आता फ्लास्कमध्ये नाही, दुकानाच्या फळीवर शोधायचा.

द्रवरूप पीएसबी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जीवाणू घ्या. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये हा आकडा सहज निघतो. २०० लिटरच्या टाकीत गणित फिरतं. फ्लास्क हलवला की हवा मिळते, टाकीत ती गाळून आत सोडावी लागते. फ्लास्क निर्जंतुक करायला १२१ अंशांवर १५ मिनिटं पुरतात. तेवढ्याच वेळात मोठ्या कॅनच्या मध्यभागी उष्णता पोचतच नाही आणि उपरे जीवाणू तगतात. महिन्याभराने बाटलीचं टोपण फुगलेलं दिसतं ते यामुळेच.

म्हणून एका बॅचच्या आठ बाटल्या बाजूला काढा. चार फ्रीजमध्ये ठेवा, चार तासगावातल्या एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या पत्र्याखालच्या फळीवर, ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून (परवाना हाती येईपर्यंत विकायचं नाहीच). महिना एप्रिल-मेचा निवडा. पहिल्या दिवशी, मग ३०, ६० आणि ९० व्या दिवशी दोन्हीकडची एकेक नवी बाटली फोडून मोजणी करा. ‘उन्हाळ्यात टिकतं का हो?’ असं दुकानदाराने विचारलं की मग तोंडात आकडा असतो. आवाज आपोआप बदलतो.

शेतातही तसंच. द्राक्षबागेत दोन ओळी पीएसबीविना सोडायला शेतकरी नाखूश असतो, तरी त्या सोडवून घ्याच. ‘बाग झकास दिसतेय साहेब’ हे मोजमाप नव्हे. फुलोऱ्यात दोन्हीकडच्या पानदेठातलं स्फुरद तपासा आणि किती फरक दिसला नाही तर थांबायचं, ते आधीच तारखेसह वहीत लिहा. शिवाय ठिबक साफ करायला ॲसिड सोडलं, त्याच दिवशी त्याच टाकीत पीएसबी ओतलं, हे सर्रास घडतं. जीवाणू मेले की दोष मालावर येतो. लेबलवर हे ठळक छापा.

पेटंटजोगं काही असेल तर परिषदेत पोस्टर लावण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज भरा. पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात. आधी छापायची प्राध्यापकी सवय इथे नडते.

आता दर. खरी भीती इथेच दडलेली असते, कारण आपला खर्च किती हेच पक्कं माहीत नसतं. समजा, बाटली ७० रुपयांत तयार झाली. दहातली एक बॅच गटारात गेली तर चांगली बाटली ७८ ला पडते. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला दिलेल्या मालाचे पैसे बेदाण्याच्या सौद्यानंतर येतात; सहा महिन्यांचं १२ टक्के दराने व्याज धरलं तर ८३. यात वाहतूक नाही, दुकानदाराचं कमिशन नाही आणि तुमचा पगारही नाही. शास्त्रज्ञ हा शेवटचा आकडा हटकून विसरतात, मग ९० रुपये मागतानाही चोरी केल्यासारखं वाटतं. पगार धरून हिशेब एका कागदावर मांडा आणि तो खिशात ठेवा.

दर सांगितला की गप्प बसा. ‘बघू, कमी करू’ हे शेपूट स्वतःहून जोडू नका. दुकानदार बाटली उलटीसुलटी करेल, लेबल वाचेल आणि विचारेल, ‘उधारी किती दिवसांची?’ म्हणजे माल ठेवायचं त्याने मनात धरलंय. तारीख तिथेच ठरवा आणि बिलावर लिहून घ्या.