तुम्ही विचारलंत म्हणून : शिमग्यालाच सायकल का?

डिसेंबरात का जात नाहीस? हवा थंड असते, रस्ते तेच, खाड्यांवरच्या फेरीबोटीही त्याच. मग फाल्गुनातच सायकल घेऊन कोकणात उतरायचा हट्ट कशाला? ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत हे मी बारा वर्षं ऐकते आहे. २०२२ नंतर त्यात एक शब्द वाढला : ‘अजूनही?’ खरं तर हे सगळं मी त्या एका शब्दापायी लिहायला बसले आहे.

आधी सोपं उत्तर. डिसेंबरात ताम्हिणी उतरताना गर्दीत पळस कुठला, ऐन कुठला, मला ओळखू येत नाही. फाल्गुनात पळस पानं टाकतो आणि मैलभरावरून दिसतो. पांगारा आणि काटेसावरीचंही तेच. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात, आणि तो वास चढावर धापा टाकणाऱ्यालाच मिळतो, गाडीच्या काचेआड बसलेल्याला नाही. एका वर्षी थेट वेंगुर्ल्यापलीकडे आरवलीपर्यंत गेले ती केवळ सुरंगीसाठी. कळी उमलायच्या आत काढावी लागते म्हणून माणसं सकाळीच झाडावर चढलेली होती. रस्त्यावर सायकल उभी केली तर वासानेच झाड सापडलं.

ओल्या काजूगरांची उसळ डिसेंबरात कुठून आणणार? कोवळ्या फणसाच्या कुयरीची भाजी? ओली बी सोलणारीच्या बोटांची चिकाने सालं निघतात. मी तिच्याशेजारी बसून ते पाहिलं आहे. तेव्हापासून त्या गरांच्या भावावरून घासाघीस करणारा माणूस मला सहन होत नाही.

आणि शिमगा. पालखीला रूपं, म्हणजे देवांचे मुखवटे, लागतात, देव देऊळ सोडून सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर येतो, मग घरोघर जातो. वर्षभर माणसं देवाकडे जातात, या दिवसांत देव त्यांच्या अंगणात येतो. कुठे तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीचे, कुठे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेचे. त्यामुळे त्रयोदशीला एका गावचा होम बघून पौर्णिमेला पुढच्या गावी पोचता येतं. वेश्वीची फेरी, दाभोळची फेरी, तवसाळहून जयगड, मधे चढ-उतार. पालखीच्या चालीशी सायकलचीच चाल जुळते, असं मी सगळ्यांना सांगत असे.

२०१९ च्या माझ्या वहीत एक वाक्य आहे : ‘ऊन म्हणजे निव्वळ सवयीचा प्रश्न.’ खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. ती वही मी फाडलेली नाही.

२०२१ चा शिमगा निर्बंधांत गेला. त्यामुळे २०२२ ला मला हाव सुटली होती. धाकट्या भावाला मीच तयार केलं. तो चव्वेचाळीसचा, रोज पोहणारा, पण उन्हात सायकलची सवय नसलेला. कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा होता आणि तो मी वाचलेला होता. (तो महिना पुढे १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला.) कोकणात ऊन वाढलं तरी दुपारी खारा वारा येतोच, हा माझा अनुभव. पण जमिनीवरचे पूर्वेचे वारे जोर धरून राहिले की खारा वारा उशिरा येतो, आणि किनाराच भाजून निघतो. शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे. त्यांचं गणित मला तोंडपाठ होतं.

१७ मार्च, पौर्णिमा. जयगडला फेरीतून उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तो म्हणाला, “ताई, इथेच थांबू या का चारपर्यंत?” मी म्हटलं, “पालखी चुकेल.” एवढंच म्हटलं.

जेट्टीवरचा चढ त्याने ढकलत चढला. वर सडा, म्हणजे उघडं पठार. कातळ, वाळलेलं गवत, सावलीला झाड नाही. मी पुढे होते. मागे वळून पाहिलं तर तो सायकल आडवी टाकून उलट्या दिशेने चालत होता. हाक मारली तर माझ्याकडे बघून आईचं नाव घेतलं. हात लावला तर त्वचा तापलेली, कोरडी. तासापूर्वी त्याचा शर्ट घामाने भिजलेला होता. बाटलीत दोन घोट पाणी उरलं होतं, आणि मी ते त्याला पाजत बसले.

काजूच्या बागेतून एक बाई आली. तिने माझ्याशी बोलण्यात वेळ घालवला नाही. “आदी सावलीत घ्या त्येला,” एवढं म्हणून तिने हाळी दिली. घरात पुरण शिजत होतं, संध्याकाळी पालखी यायची होती, अंगण नुकतं सारवलेलं होतं. त्याच अंगणात त्यांनी त्याला आडवं केलं आणि पालखी उचलायच्या पांढऱ्या कपड्यांतल्या दोन पोरांनी विहिरीचं पाणी कळशीकळशीने त्याच्यावर ओतलं. सारवण वाहून गेलं. मग गाडी, दवाखाना, चार दिवस. डॉक्टर म्हणाले, आधी थंड केलंत म्हणून बरं. ते मी केलेलं नव्हतं, पण तसं मी त्यांना सांगितलं नाही.

तो बरा आहे. पण ऊन त्याला आता सोसत नाही. मार्च ते मे तो दुपारी घराबाहेर पडत नाही. सायकल विकली. भावजय माझ्याशी नीट बोलते, फक्त कोकणाचा विषय निघाला की स्वयंपाकघरात जाते.

तरीही २०२३ ला गेले. त्या अंगणात सारवायला बसले, पालखीची ओटी भरली. यात प्रायश्चित्त काही नव्हतं. मला जायचंच होतं. पळसाला फुलवणारं आणि काजूची बोंडं पिकवणारं ऊन तेच आहे. एक टाळून दुसरं मागता येत नाही, असं मला वाटतं. मग वाटतं, हे किती सोयीचं बोलणं आहे. पडला तो, मी नव्हे.

आता पहाटे पाचला निघते आणि दहाला थांबते. चार बाटल्या, मीठ-साखर, एकटी. कुणी बरोबर येऊ का विचारलं तर नाही म्हणते.

भावाने ‘अजूनही?’ कधी विचारलं नाही. मी कोकणात असले की रोज दहाला त्याचा फोन येतो : थांबलीस का? गेल्या शिमग्याला एकदा फोन उशिरा लागला, साडेदहा झाले होते. मी गुहागरच्या अलीकडे चढावर होते, एक पाय जमिनीवर टेकून फोन घेतला. थांबले आहे, असं मी त्याला सांगितलं.