मिलिकनचा चाकू

फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट, म्हणजे प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात तो प्रकार, म्हटलं की बारावीतलं आईनस्टाईनचं समीकरण आठवतं, १९०५, नोबेल, विषय संपला. पण मला विचाराल तर यातला सगळ्यात भारी माणूस अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन, आणि त्याला आईनस्टाईनचं म्हणणं मुळीच पटलेलं नव्हतं.

म्हणणं असं की प्रकाशाची ऊर्जा सुट्या सुट्या क्वांटामधून, म्हणजे छोट्या पुड्यांमधून, येते आणि एका क्वांटाची ऊर्जा फक्त फ्रिक्वेन्सीवर ठरते. म्हणून जस्तावर साध्या दिव्याचा कमी फ्रिक्वेन्सीचा लाल प्रकाश कितीही वेळ टाका, इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, आणि जास्त फ्रिक्वेन्सीचा अल्ट्राव्हायोलेट अगदी मंद असला तरी लगेच सुटतात. हे खरं असेल तर इलेक्ट्रॉन थोपवायला लागणारं उलटं व्होल्टेज फ्रिक्वेन्सीबरोबर सरळ रेषेत वाढायला पाहिजे. मिलिकनने ठरवलं, हेच मोजायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी भानगड धातूच्या पृष्ठभागाची! सोडियमला जरा हवा लागली की चिरलेल्या वांग्यासारखा तो काळवंडतो, वरचा थर बदलला की वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) बदलतं आणि मग आपण सोडियम मोजतोय की त्याच्यावरचा ऑक्साइड तेच कळत नाही. मग या माणसाने काय करावं, तर हवा काढलेल्या काचेच्या नळीच्या आतच एक फिरता चाकू बसवला, बाहेरून इलेक्ट्रोमॅग्नेटने तो चालवायचा, आतल्या चाकावर सोडियम, पोटॅशियम आणि लिथियमचे तुकडे, पातळ थर तासायचा, चाक फिरवून तो ताजा चकचकीत भाग प्रकाशासमोर आणायचा आणि रीडिंग घ्यायचं, परत तासायचं, परत रीडिंग... शिकागोत यात वर्षानुवर्षं गेली.

१९१६ मध्ये निकाल छापला. रेषा अगदी सरळ आली! तिच्या चढावरून, आणि ऑइल ड्रॉपच्या, म्हणजे तेलाच्या थेंबांच्या, प्रयोगातून स्वतःच काढलेला इलेक्ट्रॉनचा चार्ज वापरून, प्लँकचा स्थिरांक (फ्रिक्वेन्सीला ज्याने गुणलं की क्वांटाची ऊर्जा मिळते तो आकडा) ६.५७ × १०⁻³⁴ ज्यूल सेकंद निघाला, आज आपण ६.६२६ धरतो. आणि त्याच पेपरमध्ये तो लिहितो की समीकरण बरोबर आहे पण त्यामागची क्वांटाची कल्पना काही टिकणारी नाही. जे पटत नाही त्याच्याच बाजूचा पुरावा इतक्या काटेकोरपणे गोळा करून जसाच्या तसा छापणं, याला काय म्हणावं!

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आपल्याला सीलबंद फोटोसेल (प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारी तयार नळी) मिळतो, ग्राफ काढला, चढ काढला, सही घेतली. मला मनापासून वाटतं की त्या ग्राफशेजारी मिलिकनच्या नळीची आकृती, चाकूसकट, छापलीच पाहिजे.